पुस्तकात नसलेलं गाव

मागच्या डिसेंबरात नात आली होती. ती गेली दोन वर्षं बुडापेस्टला शिकते. नाताळची सुट्टी लागली की इकडे येते, आणि येताना थोडी थंडी, थोडं चॉकलेट आणि मोबाईलभर फोटो घेऊन येते. चॉकलेट शेजारच्या पोरांना जातं, थंडी परभणीत टिकत नाही, उरतात ते फोटो. दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी अंगणात उन्हाला पाय सोडून बसतो आणि ती एकेक फोटो सरकवत जाते.

या वेळी तिने एक लहानसं गाव दाखवलं. हंगेरीच्या पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला चिकटून. नाव तिने मला तीनदा म्हणून दाखवलं, तरी माझी जीभ काही वळली नाही. मी आपली 'कोसेग' म्हणते. दगडी रस्ते, उतरत्या छपरांची रंगीत घरं, मध्ये एक छोटा किल्ला आणि मागे हिरवे डोंगर. त्यातला सगळ्यात उंच माथा ८८४ मीटर. तिथूनच म्हणे त्या देशातली एक लांबलचक पायवाट सुरू होते, अकराशे किलोमीटरच्या वर. झाडांवर निळा पट्टा रंगवलेला असतो, त्याच्या खुणेने चालायचं. चालणाऱ्याकडे एक वही असते, तिच्यात ठिकठिकाणी शिक्के मारून घ्यायचे. नात त्यातलं जेमतेम वीस किलोमीटर चालली, पण वही मात्र मला अशी दाखवली की जणू पासपोर्टच!

मग तिने त्या गावाची गोष्ट सांगितली. १५३२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान प्रचंड सैन्य घेऊन व्हिएन्नावर निघाला होता. वाटेत हे गाव. किल्ल्यात मिक्लोश युरिशिच नावाचा सरदार आणि त्याच्याबरोबर सातशे-आठशे माणसं, त्यातली बरीचशी आसपासची शेतकरी. त्यांनी ऑगस्टचे जवळजवळ पंचवीस दिवस ती फौज अडवून धरली. शेवटी सुलतान व्हिएन्नाला न जाताच परतीला लागला. तुर्क निघून गेले तो दिवस ३० ऑगस्ट आणि वेळ सकाळी अकराची म्हणतात. त्याची आठवण म्हणून त्या गावात आजही रोज अकरा वाजता घंटा वाजते. बाकी सगळीकडे बाराला वाजते, यांची अकराला.

मी इतिहास शिकवत होते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, हे वाक्य मी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल, त्याला गणती नाही. पण ते तुर्क पुढे कुठल्या गावाच्या वेशीवर थांबले, हे मला पंचाहत्तरी उलटल्यावर नातीकडून कळलं.

तिने अजून एक गंमत सांगितली. त्या गावात एक वही आहे. दर वर्षी २४ एप्रिलला द्राक्षाच्या वेलाचे कोवळे कोंब तोडून आणायचे आणि ते जसे असतील तसे त्या वहीत रंगवून ठेवायचे. कोंब केवढे वाढलेत यावरून त्या सालचा हंगाम कसा, हे दिसतं. १७४० पासून हे चालू आहे. म्हणजे आपल्याकडे पहिले बाजीराव गेले त्या वर्षापासून! राजे बदलले, महायुद्धं झाली, पण वेलीचे कोंब वहीत येत राहिले.

मी म्हटलं, "छान हं. गाव असावं तर असं."

तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू जिंतूरला अकरा वर्षं होतीस ना नोकरीला? तिथेही डोंगर आहेत, लेणी आहेत, जवळ ते चारठाणा आहे. मी नेटवर वाचलं. तू कधी एका शब्दानेही बोलली नाहीस."

मी "अगं, कामातून वेळ कुठे मिळायचा" असं काहीतरी म्हटलं आणि चहा टाकायला उठले. खरं उत्तर वेगळं होतं. ते चाळीसेक वर्षं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते पुढे येईलच.

तर असं ठरलं की जिंतूरला जायचं. लेक म्हणाला, गाडी करून देतो. मी म्हटलं, नको, एसटीनेच जाऊ. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आम्हा दोघींचं मिळून अर्धंच तिकीट! नातीला याचं फार कौतुक वाटलं. हंगेरीत एवढं स्वस्त नाही म्हणाली.

परभणी ते जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. झरी गेलं, बोरी गेलं. दोन्ही बाजूंना काळं रान. तूर पिवळी पडत आलेली, हरभरा गुडघ्याखाली, कुठे कुठे शेवटच्या वेचणीचा कापूस. नोकरीच्या काळात हाच रस्ता मी शेकडो वेळा कापला, बहुतेक वेळा मांडीवर पेपरचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. खिडकीबाहेर बघितल्याचं आठवत नाही. या वेळी बोरीच्या पुढे नात म्हणाली, "ते बघ, सुरू झाले." सपाट रानाच्या कडेला निळसर डोंगर उठलेले. परभणी जिल्हा म्हणजे गोदावरीकाठचा सपाट मुलूख, असं मी मुलांना सांगत आले. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेच्या टेकड्या आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट, हेही सांगायची, पण नकाशावर छडी ठेवून. छडीने डोंगर दिसत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

जिंतूरला रेल्वे नाही, त्यामुळे सगळं गाव बसस्टँडभोवती. मी ओळखीच्या खुणा शोधत होते. ज्या वाड्यात आम्ही भाड्याने राहायचो तिथे आता तीन मजली इमारत आणि खाली मोबाईलचं दुकान. असो. गावाचं जुनं नाव जैनपूर होतं असं सांगतात. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि समोर चंद्रगिरी, असे दोन डोंगर. नेमगिरीवर जैनांची फार जुनी गुंफामंदिरं आहेत. आम्ही रिक्षाने पायथ्याशी गेलो.

गाडी अगदी वरपर्यंत जाते, पण मी म्हटलं, चालूया. कोसेगची नात आणि परभणीची आजी! ती पुढे टुणटुण, मी मागे दर पन्नास पावलांना "अगं, बघ तरी किती छान दिसतं" असं म्हणत थांबत होते. दिसत होतं खरंच छान, पण थांबण्याचं कारण गुडघे होते, हे तिलाही कळत होतं.

गुंफा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वेरूळ होतं. इथे तसं काही नाही. दारं इतकी बुटकी की वाकूनच जावं लागतं. आत एकाशेजारी एक लहान लहान गाभारे, दगडाचा गारवा, समईचा उजेड, आणि अचानक समोर नेमिनाथांची एवढी मोठी मूर्ती! इतक्या लहान दारातून ही आत आणली कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दुसऱ्या गाभाऱ्यात पार्श्वनाथ, डोक्यावर नागाचा फणा. एवढी जड मूर्ती खाली एका चिमुकल्या दगडावर टेकलेली आणि बाकी सगळी अधांतरी वाटते. म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. मी अकरा वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. मूळव्याधीच्या औषधासाठी एका वैद्याकडे दहा चकरा मारल्या, पण इथे एकदाही आले नाही.

शाळेच्या सहली आम्ही नेत होतो, नाही असं नाही. येलदरीचं धरण ठरलेलं. पूर्णा नदीवरचं, १९६८ मध्ये पुरं झालेलं, साडेबावीस मेगावॅट वीज करणारं. हे सगळं मुलांकडून पाठ करून घ्यायचो. आणि मोठी सहल म्हणजे वेरूळ-अजिंठा. कारण ते पुस्तकात होतं.

आता ती गोष्ट सांगते.

१९८४-८५ चं साल असावं. नववीचा वर्ग. यादवांचा धडा चालू होता. देवगिरी, रामदेवराव, हेमाद्री पंडित, हेमाडपंती बांधणी. चुना न वापरता दगडात दगड अडकवून देवळं कशी बांधायचे, ते मी फळ्यावर काढून दाखवत होते. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. चारठाण्याचा. जिंतूरला मामाकडे राहून शिकायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. म्हणाला, "बाई, आमच्या गावात हायेत असली देवळं. लई हायेत. एक दगडाचा खांब बी हाय. बारव हाय." आणि खिशातून काढून त्याने एक दगडाचा तुकडा दाखवला. नक्षीचा होता. रानात सापडला म्हणाला.

मला त्या दिवशी पोर्शन संपवायचा होता. तपासणी तोंडावर आली होती. मी म्हटलं, "हे पुस्तकात आहे का? परीक्षेत येणार आहे का? मग बस खाली. आणि तो दगड बाहेर टाकून ये."

वर्ग हसला. तो बाहेर गेला आणि दगड टाकून आला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही.

एवढंच. मारलं नाही, नापास केलं नाही. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं! पण मी सदतीस वर्षं शिकवलं आणि आता रात्री झोप येत नाही तेव्हा आठवतात ते पहिले आलेले विद्यार्थी नाहीत, तो हातातला दगड आठवतो. चारठाण्याचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, ते याच्यामुळे.

जिंतूरला निघायच्या आधी मी त्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भीत भीत विचारलं होतं, तो सध्या कुठे असतो म्हणून. दहा मिनिटांत त्याचाच फोन. "बाई, मी गावातच हाय. शेती करतो. कधी यायलात?"

चारठाणा जिंतूरपासून वीसेक किलोमीटरवर, जालन्याच्या रस्त्यावर. स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, डोक्याला रुमाल. भर रस्त्यात वाकून पाया पडला. मला शब्दच फुटेना. नातीला आणि मला त्याने पुतण्याच्या ऑटोत बसवलं आणि स्वतः पुढे निघाला.

त्या गावात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ विहिरी होत्या असं लोक सांगतात. आकडा जाऊ द्या, पण आज उरलंय तेही डोळ्यांत मावत नाही. गोकुळेश्वराचं मंदिर आणि त्याच्याजवळची बारव. पायऱ्या उतरत खाली जातात आणि भिंतीत ओळीने लहान लहान देवकोष्ठं. उभं राहून वरून बघितलं की दगडाचं उलटं देऊळच जमिनीत बांधल्यासारखं वाटतं. आणि तो खांब! माझ्या नजरेने पंचवीस-तीस फूट तरी असेल, खालपासून वरपर्यंत कोरीव. कोणी त्याला दीपमाळ म्हणतं, कोणी जैनांचा मानस्तंभ. नात त्याच्याभोवती चार वेळा फिरली. शेवटी म्हणाली, "आजी, कोसेगमध्ये हे असतं तर याच्यासाठी वेगळं तिकीट असतं."

मी त्या खांबाच्या चौथऱ्याजवळ बसले आणि मनाचा हिय्या करून त्याला म्हटलं, "तुला आठवतं का रे, नववीत तू एक दगड आणला होतास?"

त्याने जरा विचार केला. "नाही बा. कोणता दगड?"

मी सगळं सांगितलं. काय म्हणाले, वर्ग कसा हसला, सगळं. तो ऐकत होता आणि हसत होता. म्हणाला, "बाई, मला काहीच याद नाही. तुमी मला एकदा पेनाची निब दिल्ती, तेवढं याद हाय."

मला निब दिल्याचं आठवत नाही!

आता बघा. माफी मागायला गेले, तर ज्याची मागायची त्याच्याकडे अपराधाची नोंदच नाही. हलकं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. ज्याला आठवत नाही तो माफ तरी कसा करणार? आणि त्याला तो तास आठवत नसला, तरी त्या वर्षानंतर त्याने हात वर केला नाही हे तर मी पाहिलं होतं. ते माझ्याकडेच राहणार. राहू दे.

मग तो म्हणाला, शेतात चहा घेऊ. गावाबाहेर त्याचं रान. सुनेने चुलीवर चहा ठेवला, ढाळे आणून दिले. नात विहिरीकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "आजी, इकडे ये! लवकर!"

जुनी दगडी विहीर. आत उतरायला पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ऑईल पेंटच्या आडव्या रेघा. प्रत्येक रेघेपुढे साल. काही पुसट झालेल्या, काही ताज्या.

"हे काय रे?"

"काही नाही बाई, आमच्या बापाचं खूळ," तो म्हणाला. "पाडव्याला पाणी कुठं हाय, तिथं रेघ मारायची. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तवा पाणी बघूनच ठरवायचं, उन्हाळी काही घ्यायचं का नाही. बाप गेल्यावर मी मारतो."

पहिली रेघ १९७३ ची. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पाडवा. ती अगदी तळाशी, आणि रंगाची नाही, छिन्नीने खोदलेली. रंगाला पैसे नव्हते म्हणाला. त्यानंतर रेघा वर-खाली, वर-खाली. १९९० च्या आसपासच्या चांगल्या वर. २०१३ ची पुन्हा खाली. २०१६ ची तर १९७३ च्या शेजारीच. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच साल. नात मोबाईलचा दिवा लावून एकेक साल वाचत होती आणि तो प्रत्येक सालचं सांगत होता, किती परस पाणी होतं, काय पेरलं, कोणता बैल विकला, थोरलीचं लग्न कोणत्या साली पुढे ढकललं.

नातीने माझ्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. ती कोंबांची वही.

मी पायरीवर बसून घेतलं. पन्नास वर्षांचा मराठवाड्याचा इतिहास समोर भिंतीवर होता, आणि तो लिहिणारा होता माझ्या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा, ज्याला मी पुस्तकात नाही म्हणून खाली बसवलं होतं. यात माझं काही श्रेय नाही, हे स्पष्ट लिहिते. मी शिकवलं म्हणून त्याने रेघा मारल्या नाहीत. मी शिकवूनसुद्धा मारल्या.

कोसेगला १५३२ मध्ये वेढा पडला, त्याच्या चार-पाच वर्षं आगेमागे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा आपल्या पाथरीसाठी लढत होते. निजामशहाच्या पूर्वजांचं गाव म्हणून त्याला ते हवं होतं. म्हणजे त्या काळात आपल्याकडेही काही कमी घडत नव्हतं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे कोणीतरी रोज अकराला घंटा वाजवत राहिलं. आणि आपल्याकडे कोणी वाजवायला उठलं की आमच्यासारख्यांनी त्याला विचारलं, परीक्षेत येणार आहे का?

निघताना मी त्याला म्हटलं, "ह्या रेघा एका वहीत उतरवून ठेव. भिंत ढासळली तर जाईल सगळं." तो म्हणाला, "लिहायचं काही जमत नाही बाई." मग मी म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." एवढं ऐकून तो खरंच लाजला.

त्यानंतर महिनाभर दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. तो विहिरीत उतरून एकेक साल वाचायचा आणि आठवेल ते सांगायचा. मी इकडे दोनशे पानी वहीत लिहून घ्यायची. मध्येच विचारायची, "हे नक्की का? अष्ट्याण्णव की नव्याण्णव?" तो म्हणायचा, "थांबा बाई, रेघ बघून सांगतो." वही भरत आली आहे. पाडव्याला तिकडे जाऊन यायचं ठरलं आहे, या वर्षीची रेघ मारताना बघायला. गुडघ्यांना विचारलेलं नाही.

नातीने परत गेल्यावर तिच्या शिक्क्यांच्या वहीचं एक कोरं पान फोटो काढून पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आजी, नेमगिरीचा शिक्का राहिला."

खूप लांबलं आज. तुमच्या आसपास असं पुस्तकात नसलेलं काही असेल तर एकदा जाऊन या. आणि कोणी लहान मूल हातात दगड घेऊन आलं, तर निदान तो कुठे सापडला एवढं तरी विचारा.